आजीचा जहरमोहरा

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि मी कंदिलाएवढ्याच उजेडाच्या एका दिव्याखाली सहावीच्या मुलांच्या चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. एवढ्यात माजघरातून एक चमत्कारिक आवाज आला. कुणीतरी घशात अडकलेले काही ओढून बाहेर काढू पाहत असावे, तसा. पाठोपाठ धाकटी कुमुद धावत आली आणि रडवेल्या सुरात म्हणाली, "बाबा, लवकर चला. भुरी मरतेय!"

भुरी म्हणजे आमची मांजर. मेहुण्यांनी पुण्याहून टोपलीत घालून आणलेली, फारशी वळणाची, झुबकेदार शेपटीची आणि स्वभावाने एखाद्या संस्थानिकाच्या विधवेसारखी मानी. ती कोपऱ्यात पुढचे पाय टेकून, मान लांब करून, साऱ्या अंगाला हिसके देत होती. पाच-सहा हिसके झाले आणि तिच्या तोंडातून बोटभर लांबीचा, ओलसर, राखी रंगाचा एक जिन्नस फरशीवर पडला. काकडआरतीचा काकडा तेलात बुडवून ठेवावा, तसा तो दिसत होता. भुरीने आपले तोंड चाटले, आमच्याकडे तुच्छतेने पाहिले आणि काहीच घडले नाही अशा थाटात ती ताटलीकडे निघून गेली.

"बाबा, हे काय?"

"केसांचा गोळा. तिने अंग चाटताना गिळलेले तिचेच केस." आणि मास्तरकीची खोड कुठे जाते! मी पुढे म्हणालो, "कुमुद, असाच एक गोळा बोकडाच्या पोटातून निघाला, तर एके काळी राजे लोक त्याच्यासाठी सोने मोजत."

कुमुद डोळे पुसतापुसता हसली. "जा हो बाबा! तुम्ही कादंबऱ्या लिहिता, तुमचे काय खरे मानायचे!"

तिचा हा टोला मला चांगलाच लागला. कादंबरीकाराने आयुष्यात एकदा तरी अगदी खरी गोष्ट सांगावी आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये, यासारखी दुसरी शिक्षा नाही. तेव्हाच मी ठरवले, की या दिवाळीला कथा लिहायची नाही. ही हकिकतच लिहायची. शिवाय तिच्यात माझे स्वतःचे एक देणे अडकलेले आहे. तेही फिटेल.

आमच्या सावंतवाडीच्या जुन्या घरात आजीची एक शिसवी पेटी होती. तिच्यात बाळगुटीची सगळी आयुधे असत. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, हिरडा आणि एक गुळगुळीत दगडी सहाण. पण त्या साऱ्यांहून वेगळा, रेशमी चिंधीत गुंडाळलेला, सुपारीहून थोडा मोठा, काळपट तपकिरी असा एक खडा होता. त्याला आजी 'जहरमोहरा' म्हणे. माझे पणजोबा पेडण्याला एका सावकाराच्या पेढीवर कारकून होते. त्यांना तो म्हणे तिथे बक्षीस मिळालेला. विंचू चावला, पोटात कळ आली, पोराला वांती झाली, की आजी तो चिंधीतून काढी, सहाणेवर गुलाबपाण्यात दोन वेढे उगाळी आणि बोटाने चाटवी. "विषावर उतारा आहे रे बाबा हा," ती म्हणे. "राजाच्या घरीसुद्धा नसेल."

आजीचे हे शेवटचे वाक्य तेवढे चुकीचे होते. तो खडा राजांच्या घरी होता. नव्हे, मुख्यतः त्यांच्याच घरी होता.

त्याचे मूळ नाव फारशी. पादजहर, म्हणजे विषापासून राखणारा. अरबांच्या तोंडी ते बादजहर, बाजहर असे झाले आणि पोर्तुगीजांनी त्याचा बेझोआर केला. आज जगभरचे डॉक्टर पोटात साठून बसलेल्या कुठल्याही गोळ्याला हेच नाव देतात. भुरीने टाकलेला काकडाही त्याच गोत्रातला. इराणच्या डोंगरात राहणाऱ्या रानबोकडाच्या जठरात एखादी काडी, फळाची बी किंवा केसांची गुठळी राहून जाते. तिच्यावर पोटातल्या क्षारांचा एक पापुद्रा बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. असे करता करता कांद्यासारखा पदर चढलेला, घासून गुळगुळीत झालेला खडा तयार होतो. बोकड मारला की तो हाती लागतो. आपल्याकडे गाईच्या पित्ताशयातला खडा गोरोचन म्हणून पूज्य झाला, त्याच्या जवळचाच हा प्रकार.

पण खरे कारण इतके साधे असेल, तर त्याला किंमत कोण देणार? म्हणून कथा जन्माला आल्या. हरिण साप गिळते, विषाचा दाह शमवायला गळ्याइतक्या पाण्यात उभे राहते, मग त्याच्या डोळ्यांतून अश्रू येतात आणि ते अश्रू गोठून हा खडा होतो, अशी एक कथा पूर्वेकडून युरोपात पोहोचली. कथा सुंदर आहे. मी कादंबरीकार असल्यामुळे मला ती बोकडाच्या जठरापेक्षा अधिक आवडते. पण आवडते म्हणून खरी होत नाही. सगळ्या रामायणाचे बीज इथेच आहे.

या खड्याची नीट माहिती पाश्चात्त्यांना छापील स्वरूपात प्रथम देणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्याच शेजारी राहत होता, हे मला फार पुढे कळले. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा मित्र आणि रोगीही होता. पोर्तुगीजांकडून मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले होते. आज जिथे मुंगीला पाय ठेवायला जागा नाही, तिथे त्याची वाडी आणि बाग होती. गोव्यात छापखाना आला १५५६ साली आणि १५६३ मध्ये ओर्ताचा ग्रंथ तिथेच छापून निघाला. भारतातल्या औषधी द्रव्यांविषयी दोघा वैद्यांनी केलेल्या गप्पा, अशी त्याची मांडणी आहे. एक संभाषण बेझोआरवर आहे. खोरासान आणि इराण या मुलखांतल्या बोकडाच्या पोटात हा खडा एका बारीक काडीभोवती कांद्याच्या पदरांसारखा वाढतो, असे ओर्ता स्वच्छ सांगतो. हरणाच्या अश्रूंवर तो आपली शाई फुकट घालवीत नाही.

मात्र खडा कसा होतो हे अचूक पाहणारा हा माणूस, खडा काय करतो याबद्दल त्या काळाइतकाच भाबडा होता. धनिक लोक तो गुलाबपाण्यातून घेतात, त्याने शक्ती टिकते, विष उतरते, हे त्याने भक्तिभावाने नोंदले आहे. गुलाबपाणी! हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजीची सहाण उभी राहिली. साडेचारशे वर्षांपूर्वीची ती मात्रा पेडण्याच्या वाटेने आमच्या माजघरापर्यंत चालत आली होती.

बिचाऱ्या ओर्ताला स्वतःवरच्या विषावर मात्र उतारा सापडला नाही. त्याचे घराणे ज्यूंचे, धर्मांतर करून ख्रिस्ती झालेले. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षणाची सभा बसली. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. माणसे माणसांसाठी जी विषे तयार करतात, त्यांवर बोकडाचा खडा काय चालणार?

ओर्ताचा ग्रंथ गोव्यात छापला गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांतच फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला. तो मी वर्गात नेहमी सांगतो, आणि सांगताना दर वेळी माझा आवाज थोडा खाली येतो.

फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स तेव्हा क्लेरमाँ गावी मुक्कामाला होता. वय जेमतेम पंधरा-सोळा. एका स्पॅनिश सरदाराने त्याला बेझोआर नजर केला. सगळ्या विषांवर हा चालतो, असे सांगितले. राजाने आपला शस्त्रवैद्य आंब्रवाझ पारे याला विचारले, "असे एखादे औषध असू शकते का?" पारे म्हणाला, "नाही. प्रत्येक विषाचे मारण्याचे मार्ग निराळे. सगळ्यांवर एकच उतारा कसा चालेल?" सरदार ऐकेना. मग पारेने सुचवले, की फाशीची शिक्षा झालेला कुणी असेल तर त्याच्यावर अनुभव घ्यावा. तुरुंगात एक स्वयंपाकी होता. त्याने मालकाची चांदीची दोन ताटे चोरली होती आणि दुसऱ्या दिवशी त्याला फाशी द्यायचे होते. त्याला विचारले, "विष घेऊन वर हा खडा घेशील का? जगलास तर सुटलास." त्याने आनंदाने होकार दिला. चारचौघांत लटकण्यापेक्षा हे बरे, असे त्याला वाटले.

त्याला पाऱ्यापासून केलेले जहाल विष दिले आणि लगेच बेझोआर उगाळून पाजला. तासाभराने पारे पाहायला गेला, तेव्हा तो माणूस जनावरासारखा चार पायांवर रांगत होता. जीभ बाहेर आलेली, डोळे लाल, नाकातोंडातून रक्त. यापेक्षा फाशी बरी होती, असे तो ओरडत होता. सात तासांनी तो मेला. राजाने तो खडा आगीत टाकायला लावला.

दोन ताटांपायी गेलेल्या या स्वयंपाक्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. पण वैद्यकाच्या इतिहासात "पाहून मग बोला" हा धडा ज्यांच्या रक्ताने लिहिला गेला, त्यांत तो आहे.

एवढे झाल्यावर जगाने शहाणे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. लोक म्हणाले, फ्रान्सच्या राजाचा खडा खोटा असेल. श्रद्धेला ही पळवाट नेहमीच मोकळी असते. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीजवळ सोन्यात मढवलेला बेझोआर होता. १६०३ साली तिथल्या न्यायालयात एक खटला निकाली निघाला. लोपस नावाच्या माणसाने चँडेलर नावाच्या सोनाराकडून शंभर पौंडांना बेझोआर म्हणून एक खडा घेतला आणि तो बेझोआर नसल्याचे त्याला मागाहून कळले. न्यायाधीश म्हणाले, सोनाराने खडा बेझोआर आहे असे नुसते म्हटले होते, हमी दिली नव्हती, तेव्हा बोलणे संपले. घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत, हे कायद्यातले तत्त्व शिकवताना आजही हा खटला सांगतात. म्हणजे पोटातल्या गोळ्याने वैद्यकाला एक धडा दिला आणि कायद्याला दुसरा.

आणि मागणी आहे, पण बोकड पुरत नाहीत, असे झाले की काय होते? कारखाना निघतो. तो निघाला आमच्या शेजारी, गोव्यात. जेझुइट पंथातला गास्पार आंतोनियो नावाचा फ्लॉरेन्सचा एक सेवेकरी सतराव्या शतकात तिथल्या मठाच्या औषधशाळेत होता. त्याने खऱ्या बेझोआरची पूड, शिंपले, पोवळी, मोती, माणिक-पाचूचा चुरा, कस्तुरी, अंबर, राळ असे काय काय एकत्र कुटून त्याचे गोळे वळले आणि वरून सोन्याचा वर्ख लावला. हेच ते 'गोव्याचे खडे'. चहात किंवा पाण्यात त्यांचा कीस टाकून घ्यायचा. डॉ. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज कंपनीचा वैद्य १६७० च्या दशकात आपल्या मुलखात हिंडत होता. शिवछत्रपतींचे राज्य ऐन भरात असताना तो जुन्नरलाही जाऊन आला होता. गोव्याच्या या खड्यांपासून मठाला सालीना पन्नास हजार शेराफीनची प्राप्ती होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असा एक खडा सोन्याच्या जाळीदार डबीसह ठेवलेला आहे. डबीवर नाना प्रकारचे पशू कोरलेले आहेत. तिचे छायाचित्र मी पाहिले आहे. डबी अप्रतिम आहे. आतला गोळा मात्र आमच्या आजीच्या खड्याचा थोरला भाऊ शोभावा असा.

आता माझे देणे.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. घरी मनी नावाची मांजर होती. साधी, पट्ट्यापट्ट्यांची, उंदरांचा कर्दनकाळ. दिवाळीचे दिवस होते आणि आम्ही भावंडे ओटीवर आकाशकंदील करीत होतो. बांबूच्या कामट्या, लाल-पिवळा पतंगी कागद आणि कणकेची खळ. कामट्या बांधायचा दोरा मी खळीत बुडवून ठेवला होता, म्हणजे गाठ घट्ट बसते. मनीला खळीचा वास आला. ती दोरा चाटू लागली, मग चघळू लागली. मला मौज वाटली. मी हसत राहिलो.

मांजराच्या जिभेची रचना मला त्या वेळी ठाऊक असती तर मी हसलो नसतो. तिच्यावर शेकडो बारीक काटे असतात आणि ते सगळे घशाकडे वळलेले. या काट्यांची टोके पळीसारखी पोकळ असतात, त्यांतून थुंकी केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले. मांजर आपल्या जागेपणीचा जवळजवळ चौथा हिस्सा अंग चाटण्यात घालवते. तिच्या जिभेची ती फणीही आणि न्हाणीही. पण काटे आत वळलेले असल्यामुळे जे जिभेला लागले ते तिला थुंकता येत नाही. गिळावेच लागते. केस असोत, की दोरा असो.

दुसऱ्या दिवशी मनी ओकू लागली. अन्न नाही, पाणी नाही. चुलीमागे अंग चोरून बसली. तिसऱ्या दिवशी, नरकचतुर्दशीला, तिच्या शेपटीखाली दोऱ्याचे टोक दिसले. मला वाटले, सापडले दुखणे! एवढा दोरा निघाला की झाले. मी तो धरला आणि ओढला.

तिने फोडलेली किंकाळी मला अजून ऐकू येते.

मांजराने दोरा गिळला, की पुष्कळदा त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि बाकीचा आतड्यात पुढे सरकतो. आतडे त्याला पुढे ढकलू पाहते. पण दोरा जागचा हलत नाही. मग आतडेच दोऱ्यावर गोळा होते. आजीच्या बटव्याची दोरी ओढली, की कापडाच्या चुण्या पडतात ना, अगदी तसे. अशा वेळी टोक ओढले, तर ताणलेला दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. म्हणून दोरा तोंडातून दिसो की मागून, तो ओढायचा नाही. मांजराला उचलायचे आणि गुरांच्या डॉक्टरकडे न्यायचे. शस्त्रक्रियेने अशी पुष्कळ मांजरे वाचतात. हे मला कुणी सांगितले नव्हते, आणि सांगणारे घरात कुणी नव्हते.

आजी होती. तिने चिंधी सोडली, जहरमोहरा काढला, गुलाबपाण्यात दोन वेढे उगाळला आणि मनीच्या ओठांना लावला. रात्रभर ती मनीला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसून राहिली. अंगणात आमचा कंदील लागला होता. पहाटे मनी गेली. आजी एवढेच म्हणाली, "उतारा द्यायला उशीर झाला." मी दोरा ओढल्याचे तिने पाहिले होते की नाही, हे मला कधी कळले नाही. मी सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

क्लेरमाँचा तो स्वयंपाकी मी पुढे पुस्तकात वाचला, तेव्हा मला प्रथम आठवली ती मनी.

मनीच्या निमित्ताने मी जे शिकलो, ते सणासुदीच्या या अंकात सांगणे अप्रस्तुत होणार नाही, कारण मांजर पाळणारी घरे आता शहरांतही पुष्कळ झाली आहेत. गिळलेले बहुतेक केस मांजराच्या शौचावाटे निघून जातात. उरलेल्यांचा अधूनमधून काकडा होऊन पडतो. तो गोल न पडता लांबट पडतो, कारण अन्ननळीतून येताना तिचा आकार घेतो. लांब केसांच्या जातीत हे जास्त. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाच्या इटालियन प्रवाशाने इराणात १६२० च्या सुमारास लांब रेशमी केसांची मांजरे पाहिली आणि ती खोरासानची असल्याचे लिहिले. चार जोड्या रोमला नेण्याचा त्याचा बेत होता. खोरासान! म्हणजे खड्याचा बोकड आणि गोळ्याची मांजर या दोघांची कीर्ती एकाच मुलखातून निघाली.

यावर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फणी. रोज पाच मिनिटे केस विंचरले, की जे फणीत येतील ते पोटात जाणार नाहीत. अंगात पिसवा असतील तर त्या घालवाव्यात. खाज सुटली की चाटणे वाढते. पाणी भरपूर मिळावे आणि खाणे ओलसर असावे. इसबगोल किंवा शिजवलेला भोपळा यांचा काहींना उपयोग होतो, पण तो किती आणि केव्हा हे डॉक्टरला विचारून. चमच्याने घशात तेल ओतू नये. ते फुप्फुसात गेले, तर पोटाचे दुखणे परवडले असे होते. आणि दूध! मांजर आणि दूध यांची जोडी गोष्टींतच ठेवावी. पुष्कळशा मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचवता येत नाही, आणि मग हगवण लागते. दिवाळीच्या फराळातले कांदा-लसूण घातलेले पदार्थ आणि चॉकलेट त्यांना विषासमान. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी तर कधीही देऊ नये. माणसाचा ताप उतरवणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

आणि हे ओळखावे. महिन्या-दोन महिन्यांत एखादा काकडा पडला आणि मांजर लगेच खाऊ-खेळू लागले, तर चिंता नको. पण दर आठवड्याला ओकारी, नुसतेच हिसके आणि बाहेर काही नाही, पोट फुगलेले, शौच बंद, दिवसभर अन्नाला तोंड नाही, यांपैकी काही दिसले तर घरचे उपाय थांबवावेत. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर तिच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते. कधी कधी आपण गोळ्याची ओकारी समजतो तो दम्याचा खोकला असतो. गोळा हे कारण नसते. आतल्या दुसऱ्या दुखण्याची ती फक्त हाक असते.

मग जहरमोहरा हे सगळे थोतांडच का? इथे इतिहासाने मला पुन्हा एकदा चकवले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतले गुस्ताफ अऱ्हेनियस आणि अँड्र्यू बेन्सन या दोघा शास्त्रज्ञांनी बेझोआर सोमल विरघळवलेल्या पाण्यात ठेवून पाहिले. खड्याने सोमल शोषून घेतला! सोमलाच्या विषाचे दोन प्रकार असतात. त्यांतला एक खड्यातल्या क्षाराशी अदलाबदल करून अडकतो आणि दुसरा केसांतल्या गंधकाला चिकटतो. केसाचे द्रव्य या गंधकाच्या सांध्यांमुळेच इतके चिवट असते, की ते मांजराच्या पोटात पचत नाही. म्हणजे ज्या गुणामुळे भुरीला ओकारी होते, त्याच गुणामुळे खडा सोमल धरून ठेवतो. एके काळी राजांना मारायला सोमल सर्रास वापरीत, तेव्हा पेल्यात बुडवलेल्या खड्याने एखाद्याचा जीव वाचलाही असेल. पण पारे म्हणाला तेच खरे. एका विषावर चालले म्हणून सगळ्या विषांवर चालत नाही. मनीच्या पोटात तर विष नव्हतेच. दोरा होता.

हे सगळे मी कुमुदला त्या श्रावणातल्या रात्री आणि पुढच्या दोन-चार रात्री सांगितले. फक्त दोरा ओढल्याचे सांगायला मला शेवटची रात्र लागली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपला खडा खरा आहे का, ते पाहू या ना."

जुने जवाहिरे बेझोआरची पारख तापवलेल्या सुईने करीत. खरा असेल तर सुई आत शिरत नाही. आजीची पेटी आता माझ्याकडे आहे. मी चिंधी सोडली. खरे सांगतो, माझा हात थोडा कापला. पारेचा धडा मुलांना वीस वर्षे शिकवणाऱ्या मास्तरला हा प्रयोग टाळता येणार नव्हता. कुमुदने सुई मेणबत्तीवर लाल केली आणि खड्याला टेकवली. सुई लोण्यात जावी तशी आत गेली आणि खोलीभर लाखेचा वास सुटला.

तो लाखेचा गोळा होता. पेडण्याच्या सावकाराने माझ्या पणजोबांना बक्षीस म्हणून दिलेला. गोव्याच्या खड्याची नक्कल, म्हणजे नकलेची नक्कल. तीन पिढ्यांच्या पोटदुख्या आमच्या घरी लाखेने बऱ्या झाल्या होत्या.

कुमुद म्हणाली, "म्हणजे आजी खोटे बोलत होती?"

मी म्हटले, "नाही ग. तिला ठाऊक नव्हते. खडा खोटा होता. ती रात्रभर मांडी न हलवता बसली होती, ते खरे होते."

खडा मी फेकला नाही. चिंधीत गुंडाळून पुन्हा पेटीत ठेवला आहे, शेजारी एक कागद ठेवून. त्यावर गुरांच्या दवाखान्याचा फोन नंबर कुमुदने आपल्या अक्षरात लिहिला आहे. आणि यंदा आमच्या घरी कंदील करताना एक नवा नियम झाला आहे. दोरा, सुई, खळ, फराळाच्या खोक्यांची सुतळी, सगळे काम संपले की डब्यात बंद. नरकचतुर्दशीला पहाटे मुलांना तेल-उटणे लागेल, तेव्हा भुरीच्या वाट्याला फणी येईल. तिला ते आवडत नाही. पण माझ्या मांडीवर ती बसते, आणि मीही मांडी हलवत नाही.